रक्ताच्या एका थेंबाकडून आपण नेमके काय विचारतो आहोत?

प्रश्न : (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून पत्राचा सारांश देत आहोत.) पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे वडील 61 वर्षांचे असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतात. चौदा महिन्यांपूर्वी डाव्या गालाच्या आतील कर्करोगासाठी मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली, मानेतील गाठी काढल्या गेल्या आणि नंतर सहा आठवडे रेडिएशन झाले. आता ते फॉलोअपसाठी मुंबईला जायला टाळाटाळ करतात. अशातच एका खासगी लॅबच्या प्रतिनिधीने ‘एक्झोसोम’ नावाच्या रक्ततपासणीचे वर्षभराचे पॅकेज सुचवले आहे. दर तीन महिन्यांनी घरी येऊन रक्त नेणार, दर वेळचा खर्च पाच आकडी, आणि ‘स्कॅनमध्ये दिसण्याच्या कितीतरी आधी आजार पकडू’ अशी हमी. अमेरिकेतील भावाने पिट्सबर्गच्या संशोधकांचा 2018 सालचा निबंध पाठवून ‘पैसे मी देतो, पण हे कराच’ असा आग्रह धरला आहे. आईला रात्र रात्र झोप नाही. ‘ही तपासणी केली तर मुंबईच्या फेऱ्या कमी करता येतील का? आणि नाही केली आणि उद्या काही निघाले, तर मी स्वतःला काय उत्तर देऊ?’ असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे : ‘बाबांनी तंबाखू सोडली आहे, आता फक्त कोरडी सुपारी तेवढी खातात.’

उत्तर :

आधी सरळ उत्तर देते आणि मग त्यामागची कारणे सांगते. ही तपासणी आज पैसे भरून करून घेऊ नका, आणि मुंबईच्या फेरीच्या बदल्यात तर मुळीच करू नका. मात्र तुमचा भाऊ चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवतो आहे, असे मी म्हणणार नाही. विज्ञान खरे आहे. ते अजून तुमच्या वडिलांसारख्या एका माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके पुढे आलेले नाही, एवढेच.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आवरणात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्याशा पिशव्या, बाहेर सोडत असते. त्यांतील 30 ते 150 नॅनोमीटर आकाराच्या पुटिकांना एक्झोसोम म्हणतात. 1980च्या दशकात तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना त्या प्रथम दिसल्या, तेव्हा पेशी नको असलेला माल बाहेर फेकते, इतकाच त्याचा अर्थ लावला गेला होता. पुढे लक्षात आले की या पुटिकांमध्ये मूळ पेशीची प्रथिने आणि आरएनएचे तुकडे असतात, आणि कर्करोगाच्या गाठी त्या मोठ्या प्रमाणावर सोडतात. भावाने पाठवलेला निबंध पिट्सबर्ग विद्यापीठातील थेरेसा व्हाइटसाइड यांच्या गटाचा असणार. त्यांनी डोके व मान या भागाच्या कर्करोगाच्या 40 रुग्णांच्या रक्तातून एक्झोसोम वेगळे केले आणि त्यांच्यावरील पीडी-एल1 हे प्रथिन मोजले. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना गप्प करण्यासाठी कर्कपेशी जे प्रथिन वापरतात, तेच हे. ज्यांचा आजार सक्रिय होता, वरच्या टप्प्यात होता किंवा मानेच्या गाठींत पोहोचला होता, त्यांच्या एक्झोसोमवर हे प्रथिन जास्त आढळले. रक्तात सुटे फिरणारे पीडी-एल1 मोजले, तेव्हा मात्र असा संबंध दिसला नाही. पुढच्याच वर्षी याच गटाने उपचार चालू असलेल्या 18 रुग्णांचे रक्त वेळोवेळी घेऊन, आजार परत आलेल्या आणि परत न आलेल्या रुग्णांच्या एक्झोसोममध्ये फरक पडतो का, तेही तपासले. हे काम दर्जेदार आहे आणि त्याचा मान राखूनच मी पुढचे लिहीत आहे.

40 आणि 18 हे आकडे पुन्हा एकदा पाहा. अशा अभ्यासातून दोन गटांची सरासरी वेगळी आहे, हे कळते. पण दोन्ही गटांतील काही माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, आणि तुमचे वडील त्या मिसळलेल्या भागात असतील तर त्यांच्या रिपोर्टवरच्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे या निबंधातून ठरत नाही. त्यासाठी निरनिराळ्या केंद्रांतील शेकडो रुग्णांना वर्षानुवर्षे तपासून ‘या आकड्याच्या वर धोका’ अशी रेषा आखावी लागते आणि ती रेषा नव्या रुग्णांवर खरी ठरते का, ते पाहावे लागते. डोके व मानेच्या कर्करोगात फॉलोअपसाठी एक्झोसोम तपासा, असे आजच्या कोणत्याही प्रमुख उपचार-मार्गदर्शिकेत लिहिलेले नाही.

अडचण कुठे आहे, तेही समजून घ्या, कारण असेच पॅकेज उद्या दुसऱ्या नावाने कोणाच्याही दारी येईल. रक्तातील पुटिकांचा मोठा भाग बिंबिका (प्लेटलेट) आणि रक्तपेशींकडून आलेला असतो, शिवाय त्याच आकाराचे चरबीचे कण त्यांत मिसळलेले असतात. पीडी-एल1 हेही केवळ कर्कपेशींचे प्रथिन नाही. ते निरोगी प्रतिकारपेशींवरही असते. आषाढीच्या गर्दीत एकाच गावची माणसे कपड्यांवरून शोधायची आणि सगळ्यांच्याच अंगावर पांढरे धोतर-सदरा असावा, तसे हे काम आहे. या उलट डोके व मानेच्या दोन कर्करोगांत रक्ततपासणीने खरोखरच बाजी मारली आहे, आणि दोन्हींमागे विषाणू आहे. नाकामागच्या घशाचा कर्करोग बहुतेकदा एपस्टाइन-बार विषाणूशी जोडलेला असतो. हाँगकाँगमध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी 20 हजारांहून अधिक पुरुषांच्या रक्तात या विषाणूचा डीएनए तपासून 34 जणांचा कर्करोग शोधला, आणि त्यांतील बहुतेकांचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात होता, हे 2017 साली प्रसिद्ध झाले. टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या, एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगातही विषाणूच्या डीएनएचा असाच उपयोग होऊ लागला आहे. परक्या विषाणूची खूण वेगळी ओळखता येते. आपल्याकडे तंबाखू, मावा आणि सुपारीने होणाऱ्या गालाच्या कर्करोगाला सहसा अशी परकी खूण नसते. म्हणून ‘परदेशात रक्तावरून कर्करोग कळतो’ हे वाक्य खरे असले, तरी ते तुमच्या वडिलांच्या आजाराला लागू पडत नाही.

नमुना कसा हाताळला जातो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. गावी सकाळी रक्त काढले, बर्फाच्या डब्यात ठेवले, दुपारच्या कुरियरने दुसऱ्या शहरात पाठवले आणि तिथे दुसऱ्या दिवशी ते यंत्रात फिरवून प्लाझ्मा (रक्तातील पेशीविरहित द्रव) वेगळा केला, तर मधल्या काळात नळीतील बिंबिका स्वतःच पुटिका सोडत राहतात. रक्त गोठले, हिंदकळले, तांबड्या पेशी फुटल्या किंवा रुग्णाने आधी तुपकट जेवण घेतलेले असले, तरी मोजणी बदलते. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेला 2014, 2018 आणि पुन्हा 2023 साली संशोधकांसाठी नियमावली काढावी लागली, यावरूनच हे काम किती नाजूक आहे ते कळते. प्रतिनिधीला विचारा की रक्त काढल्यापासून किती वेळात प्लाझ्मा वेगळा करून गोठवता. बहुतेक वेळा या एकाच प्रश्नावर संभाषण बदलते. दुसरा प्रश्न असा विचारा : शस्त्रक्रिया व रेडिएशन झालेल्या गालाच्या किती रुग्णांवर ही तपासणी पडताळली, आणि ते कोठे प्रसिद्ध झाले आहे? स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा निबंध दाखवला, तर ते उत्तर धरू नका.

आता तुमच्या मनातील एका गृहीताकडे वळते. आधी कळणे नेहमीच चांगले, असे तुम्ही धरून चालला आहात. ते तितके सरळ नाही. अंडाशयाच्या कर्करोगात सीए-125 ही रक्ततपासणी वर्षानुवर्षे वापरात आहे आणि आजार परत येताना तिचा आकडा आधी वाढतो, हेही सिद्ध आहे. तरीही 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या युरोप-ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमोथेरपी सुरू केलेल्या स्त्रिया लक्षणे येईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. त्यांची केमोथेरपी सुमारे पाच महिने आधी सुरू झाली आणि आयुष्याचा दर्जा आधी घसरला. तोंडाच्या कर्करोगाचे गणित थोडे वेगळे आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. येथे परत आलेली गाठ लहान असताना सापडली, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून ती काढता येण्याची शक्यता राहते, आणि म्हणूनच या दिशेने संशोधन होणे मोलाचे आहे. पण शल्यचिकित्सकाला गाठ नेमकी कुठे आहे, ते कळावे लागते. रक्तातील आकडा वाढला, पण तोंडात काही दिसत नाही, मानेत काही लागत नाही आणि स्कॅनही स्वच्छ आहे, अशा वेळी कोणता डॉक्टर काय कापणार? केवळ या आकड्यावर केमोथेरपी देणे योग्य ठरणार नाही. मग उरते ती आईची आणखी तीन महिन्यांची झोप उडवणारी वाट.

एक हिशेब करून पाहा. तो केवळ समजण्यासाठी आहे. यातील आकडे मी धरलेले आहेत. समजा तुमच्या वडिलांसारख्या 1000 रुग्णांपैकी 50 जणांत आजार गुपचूप परतला आहे आणि तपासणी 90 टक्के वेळा बरोबर सांगते. त्या 50 पैकी 45 जण पकडले जातील. पण उरलेल्या 950 निरोगी माणसांपैकी 95 जणांनाही ‘पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट मिळेल. म्हणजे धास्तावून पेट स्कॅनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या 140 जणांपैकी 95 जणांना काहीच झालेले नसेल. रेडिएशन झालेल्या जागेची सूज स्कॅनमध्ये चमकते, मग बायोप्सी होते, आणि रेडिएशन झालेल्या गालाची जखम भरायला वेळ घेते. तपासणी इतकी अचूक असती तरी ही स्थिती. प्रत्यक्षात ती इतकी अचूक आहे, असे कोणी दाखवून दिलेले नाही.

‘निगेटिव्ह’ रिपोर्टचे मला याहून अधिक भय वाटते. आधीच मुंबईला जायला नाखूश असलेल्या माणसाच्या हातात ‘सर्व ठीक’ असे लिहिलेला रंगीत कागद पडला, तर पुढची फेरी नक्की बुडेल. हा आजार उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, आणि तुमचे वडील त्याच टप्प्यात आहेत. प्रचलित मार्गदर्शिकांनुसार पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, नंतर पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी करावी, असे सांगितले जाते. नेमका क्रम त्यांचे डॉक्टर ठरवतील. या भेटीत डॉक्टर उजेडात तोंड पाहतात, हातमोजा घालून गाल, जीभ आणि तोंडाचा तळ बोटाने चाचपतात आणि मानेच्या दोन्ही बाजू दाबून पाहतात. दोन-चार मिनिटांचे हे काम पाहून ‘एवढ्यासाठी मुंबई?’ असे घरच्यांना वाटते. पण त्या बोटांना गालातील किंचित घट्टपणा कळतो, आणि तो गालाच्या कोणत्या भागात आहे, हेही कळते.

वडील मुंबईला का जात नाहीत, हे त्यांना कोणी विचारले आहे का? तुमच्या पत्रात तुमचे, आईचे, भावाचे आणि लॅबच्या प्रतिनिधीचे म्हणणे आहे; वडिलांचे एकही वाक्य नाही. अनेक रुग्णांना रोगाच्या भीतीहून दुसरेच काही छळत असते. गाडीत चारचौघांत जेवताना तोंडातून अन्न सांडते. ओढलेल्या गालाकडे लोक वळून बघतात. तोंड पुरते उघडत नसल्याने बोलणे कळत नाही आणि समोरचा दोनदा ‘काय?’ म्हणतो. मुलीचा रजेचा दिवस आणि पैसा आपल्यापायी जातो, हेही बापाला खुपत असते. कारण कळले तर वाट निघते. उपचार केलेल्या रुग्णालयाला विचारून एक भेट तिथे आणि मधली भेट सांगली-मिरजेतील कर्करोग शल्यचिकित्सकाकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, अशी विभागणी करता येते का ते पाहा. शस्त्रक्रियेचा आणि रेडिएशनचा सारांश-कागद मात्र सोबत हवा. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील रुग्णालये सामील आहेत. जवळचे कोणते आहे, याची चौकशी करण्यात तुमची एक दुपार चांगली खर्ची पडेल.

आता त्या शेवटच्या ओळीविषयी. ‘फक्त कोरडी सुपारी’ यातील ‘फक्त’ खोडून टाका. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही माणसात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच काढला आहे. ज्या तोंडात एकदा कर्करोग झाला, त्याचे उरलेले अस्तरही वर्षानुवर्षांच्या माऱ्याने बदललेले असते. स्लॉटर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1953 साली मांडलेली ही कल्पना आजही टिकून आहे. म्हणूनच जुना आजार परत येण्याखेरीज उजव्या गालावर किंवा जिभेवर अगदी नवा कर्करोग उभा राहण्याचीही भीती असते. शिवाय सुपारीने तोंडाचे आतले अस्तर आखडते, आणि रेडिएशनने आधीच आखडलेल्या जबड्यात ही भर पडते. वर्षभराच्या पॅकेजने जो धोका मोजण्याचा दावा केला आहे, तो सुपारी थांबवल्याने कमी होण्याची शक्यता आहे. वडिलांना मात्र रागावू नका. ते लपवू लागतील, आणि लपवलेल्या पुडीचा शोध घेत बसणे हे आईला आणखी एक काम होईल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते विचारतील. शासनाची व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर आहे. ती तंबाखूसाठी आहे, पण सुटलेली तंबाखू सुपारीच्या वाटेने परत येऊ नये, यासाठीही तिथे बोलता येईल.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर, खिडकीपाशी बसून आईने टॉर्चच्या उजेडात दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. मानेवरून बोटे सावकाश फिरवावीत. तोंड किती उघडते, ते वडिलांनी स्वतःची बोटे उभी घालून मोजावे; दोन बोटे जात होती आणि आता दीडच जाते, असे झाले तर ते डॉक्टरांना कळवण्याजोगे आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत नवी गाठ, त्याच बाजूच्या कानात ठणका, हनुवटी किंवा ओठ बधिर होणे, गिळताना त्रास, रक्त येणे किंवा कारण नसताना वजन उतरणे, यांतील काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. दात दुखला आणि गावातील दंतवैद्याने काढायचे म्हटले, तर आधी रेडिएशन झाल्याचे सांगा, कारण अशा जबड्यातील दात काढल्यावर हाड सडण्याचा धोका असतो. आणि रक्ताची एक तपासणी खरोखरच करायची असते, जिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. मानेवर रेडिएशन झालेल्यांची थायरॉइड ग्रंथी पुढे मंदावू शकते, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करतात. ती तालुक्याच्या लॅबमध्ये, थोडक्या पैशांत होते.

एक्झोसोमसाठी रक्त देण्याची एक योग्य वाटही आहे. उपचार करणाऱ्या संस्थेत असा अभ्यास चालू असेल आणि डॉक्टरांनी विचारले, तर वडिलांना जरूर विचारा, आणि ते हो म्हणाले तर रक्त द्या. त्यात नैतिक समितीची मंजुरी आणि मराठीतील संमतीपत्र असते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठीच्या तपासणीचे पैसे सहभागी व्यक्तीकडून घ्यायचे नसतात. ज्या तपासणीचे मोल अजून ठरायचे आहे, तिची किंमत रुग्णाने भरायची नाही, असा हा साधा न्याय आहे. पुढे हे संशोधन फळाला आले, तर ते अशाच दिलेल्या रक्तामुळे येईल.

‘उद्या काही निघाले तर’ हा तुमचा प्रश्न राहिला. सुपारी सुटली, भेटी चुकल्या नाहीत, आणि तरीही आजार परतला, तर तो तुम्ही पॅकेज न घेतल्यामुळे परतलेला नसेल. भावाला हे पत्र वाचायला द्या. त्याला पैसे खर्च करायचेच आहेत, आणि दूर राहणाऱ्या मुलाला ती निकड असते, ते मी समजू शकते. त्याच्या पैशांतून मुंबईच्या प्रत्येक फेरीसाठी स्वतंत्र गाडी ठरवा, म्हणजे वडिलांना लोकांसमोर जेवावे लागणार नाही. तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाची फी भरा, दातांची सहामाही तपासणी करा. आणि वडिलांची पुढच्या भेटीची तारीख आजच रुग्णालयाकडून नक्की करून घ्या.